न पाहिलेली नाळ

ती नाळ मी पाहिलीच नव्हती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरधारेवर आम्ही नगरचे पाच जण दिवाळीनंतर जाणार होतो. धार अरुंद, दोन्ही बाजूंना दरी, मधे तीन कातळटप्पे. नेणारे मामा पायथ्याच्या वाडीतले, साठीचे. त्यांची आखणी मी कौतुकानं बघायचो. सारवलेल्या अंगणात राखेनं धार काढायची, माणसागणिक भाताचा एकेक दाणा ठेवायचा आणि सुरुवात उतरण्यापासून करायची. कुणाला अर्ध्यात जमेनासं झालं तर कुठून उतरवायचं, हे ठरल्याशिवाय मामा चढायचं बोलत नसत. चहा पिताना प्रत्येकाची चालही बघून घ्यायचे. मला म्हणाले, "तुमी उतरताना टाच टाकता, नगरवाले. बूट नवे, सवय जुनी."

अर्ध्या धारेवरून उतरायला एकच नाळ, म्हणजे दगडगोट्यांची अरुंद घळ. पावसाळ्यानंतर ती मोकळी आहे का, हे कुणीतरी पायथ्याकडून चढून बघायला हवं होतं. मामांची भातसोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. म्हणाले, "तुमी जावा. वरपत्तुर बघा."

मी गेलो. नाळेच्या तोंडाशी हिरड्याखाली भाकरी खाल्ली. ऊन चढलं होतं, वर नुसते धोंडे दिसत होते. तासभर पडून राहिलो आणि परतलो.

"साफ हाय का?"

"साफ आहे मामा."

"मग दुसरा दोर नको. वजन कमी." त्यांनी काढून ठेवलेल्या दोरांतलं एक वेटोळं परत खुंटीला अडकवलं. मी बुटातले खडे झटकत राहिलो.

आठ दिवसांनी निघालो. दुसऱ्या टप्प्यानंतर आमच्यातल्या पोस्टात काम करणाऱ्या ताईंचे पाय लटपटायला लागले. मामा म्हणाले, "नाळेनं उतरू." ते पुढं खाली गेले आणि लगेच वर आले. दरड कोसळून नाळ बुजली होती, खाली सरळ कडा तुटला होता. दोर एकच. तो कड्याला पुरत नव्हता.

मग मामांनी ताईंना त्याच धारेवरून परत नेलं. दोन्ही टप्प्यांवर त्यांचा एकेक पाय स्वतःच्या हातानं खोबणीत ठेवला. वारं असं सुटलं होतं की बोलणं उडून जात होतं.

"खाली नका बघू ताई. माझं टक्कल बघा."

"चमकतंय हो मामा."

"चमकंल न्हाई तर काय. मंडळी रोज तेल लावती."

ताई रडता रडता हसल्या. मी मागं दोर धरून होतो. सगळे खाली यायला तीन तास लागले. त्या माणसाच्या आवाजात एकदाही घाई आली नाही. इतकं निर्धास्त करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

खाली आल्यावर कुणीतरी विचारलं, "नाळ साफ होती ना?" मामाच म्हणाले, "परवाच्या पावसानं दरड आली आसंल. ह्यांनी बघितली तवा मोकळी हुती."

त्या आठ दिवसांत पाऊस झाला नव्हता. मामांचं सोंगलेलं भात अंगणात उघड्यावर वाळत होतं, तेव्हा हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला झाकायला ते खोटं बोलले, आणि मी त्या खोट्यामागं दडून राहिलो.

यंदा पुन्हा धारेची आखणी चाललीय. परवा मामांचा फोन आला, "या, नाळ बघायला संगंच जाऊ." मी हो म्हटलं.

मामांना अजून मी खरं सांगितलेलं नाही. ताईंचीही माफी मागितलेली नाही. मी दोघांचंही हे देणं लागतो.