खिडकीखालची नळी

शी! त्या होडीची आठवण आली की अजून हात नाकाकडे जातो. आणि ती होडी कुणा परक्याची नाही, आमचीच. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात बांधलेली, जिथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस प्रवासात जातो. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये मी तपासनीस आहे. मूळचा निपाणीचा. समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, चपला हातात धरून, घोट्याएवढ्या पाण्यात.

आमची एक होडी अंदमानातल्या एका मालकानं घेतली. बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या काचेच्या ऑफिसांतून सुट्टीवर आलेल्या जोडप्यांना तो तिच्यातून या बेटावरून त्या बेटावर फिरवतो, मुक्कामही होडीतच. जाहिरातीत निळंशार पाणी आणि पांढरीशुभ्र चादर. पण पाहुणे तक्रार करू लागले, केबिनमध्ये संडासाचा वास मारतो म्हणून. मालक म्हणाला होडी वाईट, आम्ही म्हणालो तुमचा नावाडी घाणेरडा. शेवटी ठरलं की मी सहा दिवस होडीवर राहून अहवाल द्यायचा. दोष नावाड्याचा निघाला तर त्याला काढून टाकतो, असं मालकानं फोनवर साफ सांगितलं होतं.

अहवाल कसला, बोडक्याचा! मी तो बेंगळुरूतच लिहून नेला. 'दोष देखभालीचा', खाली सही आणि तारीख. तो नावाडी दोन महिने मला फोन करत होता आणि दर वेळी मी "फिनाइल टाका, चाचा" म्हणून फोन ठेवत होतो. धक्क्यावर पोचल्यावर होडीवर एक नजर टाकली. कोपऱ्यात माशाचे चार खवले दिसले, बास! कागदाचा फोटो काढला आणि मालकाला पाठवून दिला. पुढे सहा दिवस रेंज नसते असं कळलं होतं, म्हटलं काम आधीच हातावेगळं केलेलं बरं.

चाचा साठीचे, रांचीकडचे, कंबरेतून जरा वाकलेले. त्यांनी माझी बॅग उचलून आत ठेवली आणि होडी सोडली.

तासाभरात मी आडवा. आधी सकाळचा डोसा गेला, मग चहा, मग पोटात काही उरलं नाही तरी उमाळे थांबेनात. अंगावर मीठ वाळून खाज सुटलेली. गोडं पाणी मोजून, अंघोळीला दोन तांबे. भाताला डिझेलचा वास, चहाला डिझेलचा वास. गादी इतकी ओली की पिळावी. आणि तो संडास! कपाटात भांडं बसवलेलं, गुडघे हनुवटीला टेकतात. उरकलं की होडी गदागदा हलत असताना एका हातानं लुंगी धरायची आणि दुसऱ्या हातानं वीसदा पंप मारायचा. या कपाटावर 'जागा पुरेशी' असा शेरा कोणी मारला होता? या शहाण्यानंच.

चाचा मात्र सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांवर बसून सगळं घासत होते. आमच्या शेडच्या कँटीननं लाजावं इतकं स्वच्छ. तरी वास होताच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बेटांमधलं उघडं पाणी लागलं. लाटा आडव्या येत होत्या. मी खिडकीशी डोकं ठेवून पडलेलो. खिडकी लावली तर डिझेलनं जीव घुसमटतो, म्हणून उघडी. होडी कलली आणि माझ्या गालावर काहीतरी सपकन आलं. वाटलं, लाट असेल. लाट नव्हती.

मी किंचाळत बाहेर आलो, कठड्यावरून वाकून पाहिलं, तर खिडकीखाली एका नळीचं तोंड ठिबकत होतं. संडासाच्या टाकीतली हवा जायला एक नळी असते. ती छतापर्यंत वर न्यायची. आमच्या फिटरला त्या दिवशी पाइप कमी पडला होता. त्यानं मला विचारलं होतं, "खिडकीखाली काढू का?" आणि मी मान वर न करता म्हणालो होतो, "सरी, माडप्पा." कर बाबा. शेडमध्ये होडी लाकडी घोडीवर सरळ उभी असते आणि टाकीत आम्ही टँकरचं स्वच्छ पाणी भरतो. ते हेंदकाळत नाही, त्याला वास येत नाही. पास!

चाचांनी टॉवेल आणला, स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातलं अर्धं माझ्या तोंडावर ओतलं. "साहब, मैं फोन पे यही बोल रहा था," एवढंच म्हणाले.

मी फोन घेऊन छतावर चढलो. रेंज नाही. "परत चला," म्हटलं. वारा उलटा होता, दोन दिवस एका बेटाच्या आडोशाला अडकलो. ते मला मासे तळून वाढत होते, काटे काढून देत होते, आणि मी गिळत होतो. तो फोटो मी पाठवलाय हे सांगायची माझी छाती झाली नाही. किळस आता होडीची येत नव्हती.

सहाव्या दिवशी धक्क्याला लागलो तर मालक उभा, शेजारी एक नवा माणूस, खांद्यावर वळकटी. मी उडी मारून उतरलो, ओरडून सांगितलं, चूक आमची आहे, सही माझी आहे, तो कागद फाडा. मालक म्हणाला, "नवा माणूस ठेवला, आता काय? म्हातारा झालाच होता तो."

चाचांनी खिशातून फोन काढला. मालकानं त्यांना पाठवलेला माझ्या कागदाचा फोटो नुकताच येऊन पडला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला, "साहब, क्या लिखा है, पढ़ के बताओ."

मी वाचून दाखवलं. तारीखही. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि विचारलं, "ये तो चढ़ने से पहले का है ना?"