तांबड्या सुताचा रॉड

माझ्या सासऱ्यांचा रॉड चोरीला गेला तेव्हा माझ्या हातात दुसऱ्याच्या माशाची शेपटी होती.

मंगळवारची संध्याकाळ, साडेपाचची वेळ, भरती चढत होती. वरळी सीफेसच्या कठड्यापाशी आम्ही सातआठ जण गळ टाकून उभे होतो. शेजारच्या माणसाचा रॉड एकदम वाकला आणि रीळ कर्रकन ओरडलं. आम्हा गरवणाऱ्यांचा, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांचा, एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडतही कोणी नाही. कोणाला मोठा मासा लागला की बाकीच्यांनी आपापले गळ गुंडाळायचे, म्हणजे तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, एकमेकांत अडकत नाही, आणि मदतीला धावायचं. मी गळ गुंडाळला, रॉड कठड्याला टेकवला, पिशवी खाली ठेवली आणि धावले. जाळं एकाने धरलं, ओरडायला मात्र सगळेच. दहा मिनिटांनी हातभर लांबीची तांब वर आली, तिची शेपटी मी धरली, फोटो झाले. वळून बघते तर कठडा रिकामा. रॉड नाही, रीळ नाही, गऱ्यांची आणि शिशाची पिशवीही नाही.

दुसरा घेऊ, असं म्हणून भागणार नव्हतं. कारण रॉड माझा नव्हता आणि ज्यांचा होता त्यांच्याकडे मी तो कधी मागितलाच नव्हता.

आमचं घर लोअर परळच्या चाळीत. सासरे गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर. सुट्टीच्या दिवशी वरळीच्या खडकांवर गरवायला जायचं हा त्यांचा एकमेव षौक. गिरणी बंद पडली तरी तो चालू राहिला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जाणं बंद केलं, का ते कोणाला सांगितलं नाही. पण दर रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचे, माळ्यावरून रॉड काढायचे, पुसायचे, रिळाला तेल द्यायचे आणि परत ठेवून द्यायचे. रॉडची एक कडी तुटली होती. ती त्यांनी गिरणीतल्या तांबड्या सुताने इतकी घट्ट बांधली होती, की कंपनीने बसवलेल्या कड्या निघाल्या असत्या, पण ती नाही.

शनिवारी ते भजनाला गेले की मी रॉड घेऊन सटकायची. घरी सांगायची, चालायला जाते. नवरा मासा फक्त ताटात ओळखतो, त्यामुळे त्याला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या वेळी नुसता एकदा टाकून बघावा म्हणून नेला. शिंगाळा लागला आणि मी कामातून गेले! दोन वर्षं हा चोरटेपणा चालला होता. परत आल्यावर रॉड, रीळ सगळं मोरीत गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, होतं तसं ठेवायचं. मासे तिथेच वाटून टाकायची. मालवणी घरातल्या सुनेने ताजा मासा वाटून टाकायचा, यापेक्षा मोठं पाप ते काय असेल! मग सरळ मागितला का नाही? भीती, दुसरं काय. नाही म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं.

त्या आठवड्यात सासरे गावी गेले होते, म्हणून मी मंगळवारीही सटकले होते, आणि ते शुक्रवारी सकाळी परतणार होते. मग रविवारी ते माळ्यावर हात घालणार आणि हात रिकामा येणार. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. गिरणी गेली, मित्र एकेक करून गेले, आता हाही गेला, आणि तो मी घालवला.

आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. तो दादरचे एक निवृत्त शिक्षक चालवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ग्रुपवर माशांचे फोटो येतात, पण मागचा समुद्र आणि इमारती कापून. कारण मासा लागण्याची जागा खरी सांगायची नाही, हा आमचा दुसरा नियम. कुठे लागला, असं कोणी विचारलं की शिवडीवाला कुलाबा सांगतो आणि कुलाब्यावाला शिवडी. याचा कोणाला राग येत नाही, ही रीतच आहे. मी माझा जुना फोटो टाकला, त्यात तांबड्या सुताभोवती गोल केला आणि लिहिलं, हा रॉड दिसला तर कळवा, माझ्या जिवावर बेतलंय.

बुधवारी दुपारी तीन वाजता मेसेज आला. ठाकूरद्वारला शिवणकाम करणारा एक टेलर आमच्यात आहे, त्याचा होता. "ताई, रॉड बघितला. तांबडं सूत आहे. एक जण गरवतोय. कफ परेडचे खडक. लवकर या."

मी नोकरी करते त्या बँकेत साहेबांना सांगितलं, सासऱ्यांचं अर्जंट आहे, आणि उत्तराची वाट न बघता निघाले. खोटं तर काही बोलले नव्हते. कफ परेडला पोचले तेव्हा मास्तर आणि आणखी चौघे आधीच हजर. त्या पाच जणांना बघून मला इतका आनंद झाला की चोर सापडल्यासारखंच वाटलं. पण समोर ओहोटीचा चिखल, दोन बगळे आणि माणूस एकही नाही.

मास्तरांनी चिखलाकडे बघितलं. "एवढ्या कमी पाण्यात इथे गळ टाकेल कोण?" त्यांनी टेलरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अरे, तू आहेस कुठे?"

पलीकडे नुसत्या लाटा ऐकू आल्या. मग टेलर पुटपुटला, "मास्तर, कफ परेड नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"सवयीने हो. जागा म्हटली की हात आपोआप कफ परेड लिहितो."

माझं डोकं फिरलं. "अरे दादा, इथे माझा जीव चाललाय आणि तू जागा लपवतोयस?"

"तसं नाही ताई. सहा वर्षं झाली, बायकोला पण सांगितलेली नाही." मग त्याला शंका आली. "मी स्पीकरवर आहे का?"

"आहेस!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

पुन्हा लाटा. आमच्यापैकी कोणी घाई केली नाही, कारण तो काय देतोय ते आम्हाला कळत होतं. शेवटी त्याने मोठा श्वास घेतला आणि जागा सांगितली. मी ती इथे लिहिणार नाही, त्याला शब्द दिलाय. वरळी कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला आहे आणि ओहोटीतही तिथे पाणी खोल असतं, एवढंच सांगते.

मग काय धावपळ! दोन टॅक्स्या, सहा माणसं, खिडकीतून बाहेर आलेले रॉड. मास्तरांनी सत्तरी ओलांडली आहे, पण पुढच्या सीटवर बसून "चला, चला, चला" म्हणत होते. टॅक्सीवाल्याने विचारलं, "कौनसा मछली निकला है?" मी म्हटलं, मछली नाही, चोर. त्याने कोस्टल रोडवर गाडी अशी काही हाणली की माझा पदर पूर्ण वेळ तोंडावर होता. कोळीवाड्याच्या गल्लीत बांबूवर बोंबील वाळत होते, त्यांच्याखालून आम्ही वाकून पळालो. दारात बसलेल्या एका मावशीने विचारलं, "अगो, आग लागली का कुठं?" थांबून उत्तर द्यायला सवड कोणाला!

टेलर खडकामागे दबा धरून बसला होता. त्याने बोट दाखवलं. पाण्याच्या कडेला तिशीचा एक माणूस उभा होता. ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात माझा रॉड. तोही उलटा! रीळ खाली असायला हवं ते वर, आणि हा ते उलट्या बाजूने फिरवत होता. ते बघून मला चोरीपेक्षा जास्त संताप आला. 'चोर' म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी रॉड वाकला.

त्याला मासा लागला होता आणि तो मोठा होता.

पुढे जे झालं ते सांगायला लाज वाटते. "ढील दे! अरे, ढील दे!" हा पहिला आवाज माझा होता. मग सगळेच सुटलो. मास्तरांनी रॉड सुलटा करून त्याच्या हातात नीट दिला, टेलर जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला, मी चोराच्या खांद्यामागे उभी राहून "घाई नको, दमव त्याला" म्हणत होते. दहा मिनिटांनी चकचकीत जिताडा खडकावर आला आणि आम्ही आठही जण टाळ्या वाजवत होतो. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग मला आठवलं, आम्ही आलोय कशाला. "आता रॉड दे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी, मॅडम. ऑफिस सुटलं की रोज तुम्हा गरवणाऱ्यांना बघत उभा राहायचो. काल रॉड नुसताच उभा दिसला. म्हटलं, एकदा टाकून बघावा."

मी थप्पड मारायच्या तयारीत होते. पण हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी माळ्याखाली उभी राहून स्वतःशी म्हटलं होतं, त्यामुळे हात वर उठलाच नाही. त्याने रॉड दिला, पिशवी दिली. मास्तरांनी निकाल दिला, मासा ओढणाऱ्याचा, रॉड ताईचा. "आणि जागा सगळ्यांची," टेलर रडवेल्या आवाजात म्हणाला.

शुक्रवारी सकाळी सासरे आले तेव्हा रॉड धुऊन पुसून माळ्यावर होता. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण आनंद पोटात मावेना. चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं, शनिवारची चोरी, टेलर, जिताडा, सगळं. टेलरच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. हसत होते ती मी एकटीच.

"सा जणांक म्हायत," ते म्हणाले, "आणि घरात माका नाय."

"बाबा, तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली."

"रीळ धुवूक येता तुका, पण धुतल्यार तेल जाता ता कळना नाय. दर आयतवारी रीळ सुका. मी काय खुळो?" त्यांनी कप खाली ठेवला. "माका आता एकट्याक खडकावर उतराक जमना नाय. पाय कापतत. कोणाक सांगतलंय? मगे रीळ सुका दिसाक लागला, माका बरा वाटला. म्हटला, सून एक दिवस म्हणतली, बाबा, चला. दोन वर्सां वाट बघतंय."

दोन वर्षं मी त्यांचा रॉड चोरत होते असं समजत होते, आणि ते दर रविवारी माझ्यासाठी तेल घालून तो तयार ठेवत होते. मी तिथेच त्यांच्यासमोर रडले.

"बाबा, चला," मी म्हटलं. "आत्ता चला."

"आत्ता नको," ते म्हणाले. "परवासान दमलंय. उद्या जावया."