गरम साचा

साचा निवण्याआधीच मी त्यावर पाणी ओतून तो फोडला. आमचे मार्गदर्शक प्रोफेसर संध्याकाळच्या गाडीने मद्रासहून यायचे होते, आणि पंपाचं नवं चक्र त्यांच्या हातात ठेवून शाबासकी घ्यायची मला घाई झाली होती. चक्र तडकलं.

त्यातला मिश्रधातू माझ्या जोडीदाराचा होता. कुंभकोणमच्या एका पितळी कारखान्याच्या खर्चाने आम्ही दोघं तिथेच डॉक्टरेटचं संशोधन करत होतो. ते रसायनवाले, मी ओतकाम बघणारा इंजिनिअर. ते तंजावरी मराठी घरातले, बोलणं जुन्या वळणाचं आणि तेही मोजकं. धातूचा तुकडा आधी नाकाशी धरत, मग भिंगाखाली. मी बढाई मारली की "असेल" म्हणत आणि कॉफीचा पेला ओठांना न लावता वरून ओतून घेत. माझ्या विनोदांना ते कधी हसले नाहीत. मला त्यांची जरा भीतीच वाटे.

मालकांनी तडकलेलं चक्र टेबलावर आपटलं. "धातू वाईट, नाहीतर ओतकाम वाईट. ज्याची चूक, तो उद्या घरी!"



"मिश्रण माझं बिघडलं," माझे जोडीदार म्हणाले.

मिश्रण उत्तम होतं. पण ते बदनाम झालं, पुढे कोणी वापरलंच नाही.

बसमध्ये त्यांची ट्रंक चढवताना मी रडवेला झालो. "माझ्यासाठी का केलंत एवढं?"

"हिशेब सोपा होता, पुणेकर. मला कुठलाही साखर कारखाना घेईल. तुम्हांस कोण ठेवणार?"