मान वाकवल्यावर

भिवाजीला नसत्या चौकशा करायची खोड होती. काचीगुड्यातल्या लहानशा एक्स-रे सेंटरमध्ये बावीस वर्षं काढूनही ती गेली नाही. फोटो काढायचा सोडून हा माणूस पेशंट चपला कशा काढतो, कसा बसतो ते न्याहाळत राही आणि बाहेरची रांग कुरकुरत राही.

शनिवारी हिमायतनगरच्या सुलभाताई आल्या. पंधरा वर्षांचा संधिवात, बोटं वाकडी झालेली, सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन. त्याआधी मानेचा एक फोटो हवा होता, बाजूने, सरळ बसून. तो झकास निघाला. त्यांचे यजमान अनिलराव निघायच्या घाईत होते.

पण स्टुलावरून उठताना बाईंनी हनुवटीखाली तळहात दिला. ते भिवाजीच्या नजरेतून सुटतंय कुठलं?

"ताई, हात कायको लावता?"

"डोकं पुढे घरंगळेल असं वाटतं हो."

"दोन वर्षं हेच चाललंय," अनिलराव हसले. "मनाचे खेळ सगळे."

भिवाजी हसला नाही. मानेच्या पहिल्या मणक्याच्या कड्यात दुसऱ्याची खुंटी बसते. तिला धरणारा पट्टा संधिवाताने सैल केला, तरी सरळ मानेच्या फोटोत सगळं जागच्या जागी दिसू शकतं. आणि सोमवारी भूल दिल्यावर घशात नळी घालायला हीच मान कुणीतरी हलवणार. तेव्हा खुंटी मागे सरून मज्जारज्जू दाबला तर? मान वाकवून आणखी एक फोटो हवा होता; पण चिठ्ठीत नसलेला फोटो आपल्या मनाने काढायचा नसतो, म्हणून त्याने सेंटरच्या डॉक्टर प्रियदर्शिनींना बोलावलं. त्यांनी बाईंना तपासलं आणि होकार दिला.

"मान तुमची तुम्ही वाकवा ताई, आहिस्ता. मी हात लावत नाही. मुंग्या आल्या की तिथंच थांबा," भिवाजी म्हणाला.

कडं आणि खुंटी यांच्यातली, सरळ मानेत दोन मिलिमीटर असलेली फट या नव्या फोटोत आठ झाली होती. तीनच्या वर ती जायला नको. डॉक्टरांनी बाईंच्या गळ्याभोवती पट्टा बांधला, एमआरआय लिहून दिला आणि सोमवारचं ऑपरेशन थांबवायला फोन केला. आता बाई आपल्या नावाने बोटं मोडणार, असं भिवाजीला वाटलं.

सुलभाताईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले आणि फट कुठे आहे ते विचारून घेतलं. पट्ट्यामुळे मान वळेना, म्हणून त्या नवऱ्याकडे अख्ख्याच वळल्या.

"अहो, बघा. मी खोटं बोलत नव्हते."

अनिलराव पडद्याकडे बघत राहिले. मग स्टूल ओढून बायकोसमोर बसले.

"नेमकं कसं वाटतं गं तुला?" त्यांनी विचारलं.