राजाचे साधे कपडे

माझा मुलगा इथे आखातात अल खोरहून कंपनीच्या बसने प्लांटवर जायचा. तिथे पडद्यावरचे आकडे बघत बसायचं आणि काही बिघडतंय असं दिसलं की आधी सांगायचं, हे त्याचं काम. एकदा त्याचा डोळा लागला आणि इशारा चुकला. यंत्र जळालं, माणूस कुणी गेला नाही. लागोपाठ दुसऱ्या पाळीला त्याला साहेबानेच बसवलं होतं, पण तोंडी, लेखी काही नव्हतं. चौकशी झाली आणि तिचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. नोकरी गेली तर सगळ्यांनाच देश सोडावा लागणार होता.

सून फोन मांडीवर घेऊन बसली होती. नात शाळेसाठी जुन्या चीनमधल्या दरबाराचं चित्र काढत होती. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. सून मला अर्थ सांगत होती. तिथला राजा म्हणे आभाळाच्या हुकमाने राज्य करी. पूजा कधी, सण कधी, सगळं दरबारातली तारे बघणारी माणसं ठरवत. ग्रहण लागलं की ढोल बडवायचे. राजा भरजरी कपडे उतरवून साधे घाली, मोठ्या दालनात बसत नसे. आपलंच काही चुकलं, असं धरून चाले.

"आणि त्या माणसांनी ग्रहण आधी सांगितलं नाही तर?" मी विचारलं.

नातीने पेन्सिल गळ्यावरून फिरवली. दोघे दारू पिऊन पडले होते, त्यांची मुंडकी उडवली, अशी गोष्ट आहे म्हणे.

"आई, पुरे करा आता," सून म्हणाली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "साहेब म्हणाला, खलास," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

आमच्याकडे खलास म्हणजे मेला. सुनेने मात्र देवाला हात जोडले. इथे भानगड मिटली तरी खलासच म्हणतात, असं तिने मला दोनदा समजावलं आणि चहा टाकला. ते खरं निघावं, एवढंच मला वाटत होतं.

बस आली. खिडकीतून तो दिसला. हातात थर्मास आणि लॉकरमधल्या चपला. त्या चपला तो कधी घरी आणत नसे. सुनेने गॅस बंद केला.

"चौकशी खलास," तो दारात म्हणाला. "आणि मीपण."

"आणि साहेब?" मी विचारलं.

"त्याला काय होतंय."

नातीचा राजा साध्या कपड्यांत रंगवून झाला होता. मी म्हटलं, "ते चित्र उचल. बापाला जेवायला जागा कर."