कानातलं तेल

मिरजोळ्याच्या आमच्या वाडीत स्नेहलइतकी हट्टी मुलगी दुसरी नाही, आणि तिचा शेजारी म्हणून हे मी कौतुकानेच सांगतो. सैन्यात जायचं ठरवल्यापासून ती रोज पहाटे गावावरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या पठारावर, धावायची. भरतीच्या मैदानातही तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. उरली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी.

तिथेच घोटाळा झाला. तपासणीला निघायच्या सकाळी तिची आई रेणुका हिने लसूण घालून खोबरेल कोमट केलं आणि लेकीच्या दोन्ही कानांत सोडलं. प्रवासात वारं लागू नये म्हणून आमच्याकडे बऱ्याच आया असं करतात. डॉक्टर कानात बघतात तर तेलाने फुगलेला मळ, पडदा दिसेचना. आणि पडदा दिसल्याशिवाय कान चांगला म्हणायचा कसा? 'तात्पुरती अपात्र' हा शेरा घेऊन पोरगी घरी आली. आता पुण्याला फेरतपासणी, तीही एकदाच.

मग काय, वाडीला विषय मिळाला. ज्यांची स्वतःची पोरं दिवसभर मोबाइल धरून लोळतात, त्यांनाच दुसऱ्यांच्या पोरांची फार काळजी! समोरच्या मथुराकाकू घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात येऊन म्हणाल्या, "रेणुका, लेकीची नोकरी तेलात बुडवलीस गो!" रेणुकाने तेलाची वाटी माळ्यावर भिरकावली आणि डोळ्यांना पदर लावला. माझं डोकंच फिरलं, पण माझ्या आधी स्नेहल बाहेर आली.

"काकू, माझ्या आयेला बोलायचं नाय. कान माझे हायत, नोकरी पण माझीच. ती घेऊनच येणार मी."

शहरातल्या डॉक्टरांकडून तिने कान साफ करून घेतले आणि पुणं गाठलं. तिथले डॉक्टर कागद बघून खेकसले, "कानात तेल कोण घालतं हल्ली?"

"माझी आई घालते, सर," स्नेहल ताठ उभी राहून म्हणाली. "मायेने घालते."

डॉक्टरांनी बॅटरी लावून कानांत बघितलं. दोन्ही पडदे स्वच्छ दिसत होते, ऐकूही नीट येत होतं. शेरा पडला, 'पात्र'.

घरी आली ती थेट माळ्यावर चढली. वाटी शोधून पुसली, तेल ओतलं आणि आईला हाताला धरून खळ्यात आणलं. मथुराकाकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

"घाल, आये. आता मला कोण नापास करतंय ते बघू."

रेणुकाने एका हाताने डोळे पुसत वाटी कलती केली. तेल कानात कमी आणि गालावरच जास्त गेलं.