गप्प बसलेल्यांचं बटण

पांढरकवड्याजवळच्या एका पोडासाठी, म्हणजे कोलामांच्या वस्तीसाठी, मी ग्रामसभेचं ॲप बनवलं होतं. पाण्याचा बोअर शाळेमागं मारायचा का, यावर प्रत्येकानं मोबाइलवर 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. जो काहीच दाबणार नाही, तो गैरहजर. हा नियम माझाच होता, आणि तो मला फार हुशारीचा वाटला होता.

निकाल सांगायला मी चावडीत उभा राहिलो. "शाळेमागच्या जागेला बहुमत आहे," मी म्हणालो. कोणी मान हलवली नाही. गप्प बसलेल्याला कारण विचारल्याशिवाय त्या चावडीत काहीच ठरत नाही, हे मला कोणाकडून तरी आधी समजून घेता आलं असतं. मी घेतलं नव्हतं.

खांबाशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "माहं काय लिवलं हाय, बापू?"

मी यादी पाहिली. "गैरहजर."

"मोबाइल तं हातातच होता माह्या," ती शांतपणे म्हणाली. "शाळा नोती तवा माही तान्ही लेक पुरली तिथं. कोणी विचारन म्हणून वाट पाहून राह्यलती."